रविवार कोणाचा?



या व्यासपीठावर विद्वान माणसे येऊन बोलतात, हे मी ऐकून आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नका. तीस वर्षांहून अधिक काळ कामगारांत वावरताना जे पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

चालकांनी पत्र पाठवून विषय विचारला, तेव्हा 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा भारदस्त मथळा मी लिहून ठेवला होता. पत्नीने तो वाचला आणि विचारले, "व्याख्यान कोणत्या वारी आहे?" मी म्हटले, "रविवारी." ती म्हणाली, "मग तुमच्या चळवळीपुढचा पहिला प्रश्न तोच." मी मथळा खोडला आणि 'रविवार कोणाचा?' असे लिहिले. आजच्या विषयाचे श्रेय तिचे आहे. ती इथे समोर बसली आहे, म्हणून हे आधीच कबूल करून टाकतो.

आपण सगळे आज इथे निवांत बसलो आहोत. दुपारचे जेवण झाले, थोडी झोप झाली, आणि संध्याकाळी चार शब्द ऐकावेत म्हणून आपण आलात. रविवार हा असा असतो, असेच आपण धरून चालतो. सूर्य उगवतो तसा सातव्या दिवशी रविवार उगवतो! पण कष्टकऱ्याच्या घरी रविवार आपोआप उगवलेला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या, सभा भरवाव्या लागल्या.

मुंबईच्या कापड गिरण्यांत शेदीडशे वर्षांपूर्वी काम चाले ते सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, कारण तो साहेबाचा वार. गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८१ सालचा पहिला फॅक्टरी कायदा झाला, तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तासांहून अधिक राबवू नये आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, असे त्यात होते. सात वर्षांचे मूल नऊ तास राबते, ही त्या कायद्यातली सुधारणा होती, हे लक्षात घ्या.

त्या काळात नारायण मेघाजी लोखंडे नावाचे एक गृहस्थ मुंबईत होते. जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि काही काळ गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या मोठ्याने वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा, आणि तो कायमचा पांगळा झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. आज आपण ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतो, तिचा सगळा पाया या चारपाच ओळींत आहे. आणि त्यात पहिली मागणी पैशाची नाही, दिवसाची आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ सालच्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचे रूप आले. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचाही वार. त्यामुळे साहेबाच्या वाराला आपल्या देवाचाही आधार मिळाला, असे जुने कामगार कौतुकाने सांगत. असो. सभेत बोलणाऱ्या त्या दोघी बायांचा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. सभेहून घरी गेल्यावर त्यांनी चूल पेटवली असेल. कारखान्याला सुट्टी मिळाली, चुलीला मिळाली नाही. पुढे मी जे सांगणार आहे, ते या एका वाक्यात आले.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. आम्ही गिरणगावात एका चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली. वडिलांना आठवडाभर मी नीट पाहत नसे. पहिली पाळी असली तर ते मी उठण्यापूर्वी जात, रातपाळी असली तर दिवसा झोपलेले असत. आई आम्हांला दटावीत असे, "हळू बोला, बाप झोपलाय." वडील मला खऱ्या अर्थाने भेटत ते रविवारी. सकाळी ते गॅलरीत बसून दाढी करीत, मला डोक्यावरून पाणी घालीत, मग हात धरून बाजारात नेत. पाव किलो मटण, त्यावर खाटकाने घातलेले एखादे हाडूक. येताना मला गोळ्या. दुपारी जेवून ते चटईवर आडवे होत आणि मला पोटावर बसवून गावाकडच्या गोष्टी सांगत. साच्यांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून गोष्टही ते मोठ्याने सांगत. शेजारच्या खोलीतली मुलेही ती भिंतीपलीकडून ऐकत!

वडिलांचा रविवार हा असा होता. आता आईचा सांगतो.

आमच्या घरी खाणावळ होती. गिरणगावात अशा खाणावळी घरोघर होत्या. गावी बायकामुले ठेवून आलेले गिरणीतले गडी महिन्याच्या बोलीवर जेवायला येत. आईकडे आठजण होते. आठजणांची दोन वेळची भाकरी-आमटी ती एका स्टोव्हवर करीत असे, आणि डबे वेगळे. या बायका स्वतःला कामगार म्हणवीत नसत, दुसरेही कोणी त्यांना तसे म्हणत नसे. सरकारी हिशेबात त्या 'घरी असत'. पण त्यांनी भाकरी थापली नसती, तर गिरणीचा भोंगा वाजून उपयोग नव्हता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना एकत्र केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्यांच्या कष्टाला नाव मिळाले.

रविवारी आमच्या गड्यांना मटणाचे जेवण लागे. म्हणजे वाटण दुप्पट, भाकऱ्या दुप्पट, भांडी दुप्पट. वडील मला गोष्ट सांगत तेव्हा मोरीत भांड्यांचा आवाज चाललेला असे. रविवारी रात्री मात्र खाणावळ बंद. गडी नातेवाइकांकडे किंवा बाहेर जेवत. आठवड्यात तेवढी एक वेळ आईची. त्या वेळेत ती काय करीत असे, ठाऊक आहे? दुसऱ्या दिवशीचे दळण निवडीत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाची बरीवाईट चर्चा पुष्कळ झाली आहे, ती आज करीत नाही. आमच्या घरापुरते एवढेच सांगतो, की वडिलांना रोजच रविवार झाला, आणि तो त्यांना सोसला नाही. सक्तीची रिकामी वेळ ही सुट्टी नव्हे. सुट्टीला गोडी येते ती सोमवारी काम असते म्हणून आणि त्या दिवसाचे पोट भरलेले असते म्हणून. गडी एकेक करून गावी गेले, खाणावळ बसली. वडिलांना गिरणीने पुन्हा घेतले नाही. मी आठवी कशीबशी पुरी केली, पुढे चार वर्षे मिळेल ते काम केले, आणि १९८६ साली मामाच्या ओळखीने भोसरीला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो.

तिथे मला एक नवी गोष्ट कळली. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक भागात सुट्टी गुरुवारी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू राहिले, तर विजेचा भार सांभाळत नाही, म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले. विजेच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. पण मुलांच्या शाळा रविवारी बंद, आणि बाप गुरुवारी घरी! वीज कशी विभागावी याचा हिशेब झाला, घर कसे विभागले जाईल याचा कोणी केला नाही. गुरुवारी सकाळी चाळीचाळींतून माझे सोबती एकटेच बसलेले दिसत. मुले शाळेत, बायको कुठे कामाला. हातात सुट्टी आहे आणि ती वाटून घ्यायला माणूस नाही. कायद्याने दिवस दिला होता, पण कुटुंबाला दिवस मिळाला नव्हता. कुटुंब एकत्र येते ते एकाच दिवशी सगळे मोकळे असले तर, हे कोणत्याही कायद्याच्या कलमात मला वाचायला मिळालेले नाही.

माझ्या घरी तर याहून वाईट स्थिती. गुरुवारी मला सुट्टी, म्हणून गुरुवारी युनियनचे काम. पुढे मी पूर्णवेळ कार्यकर्ता झालो, तेव्हा रविवारीही सभा. इतरांना सुट्टी असते, तेव्हाच आमची सभा भरते. आठवड्याची पगारी सुट्टी या विषयावर मी शेकडो भाषणे केली, आणि त्यांतली बहुतेक सुट्टीच्या दिवशी घराबाहेर राहून केली.

माझी मुलगी चौथीत असताना शाळेत 'माझा आवडता वार' असा निबंध लिहायला सांगितला. तिने लिहिले, ते मला पाठ आहे. "मला रविवार आवडतो कारण शाळा नसते. दादाला रविवार आवडतो कारण क्रिकेट असते. बाबांना रविवार आवडतो कारण त्यांची सभा असते. आईला सोमवार आवडतो कारण सगळे घरातून जातात." बाईंनी तिला दहापैकी आठ गुण दिले होते. मी ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि पत्नीला विचारले, "हे खरे का?" ती पोळ्या लाटीत होती. म्हणाली, "पोर खोटे कशाला लिहील?" एवढेच. पुढे बोलायला मला काही सुचले नाही.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, हा घरगुती विषय झाला, याचा समाजकारणाशी काय संबंध? तर सरकारचाच आकडा सांगतो. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर पाहणी केली, की माणसे दिवसाचे चोवीस तास कशी घालवतात. सहा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी रोज घरातले बिनपगारी काम करतात, शंभर पुरुषांपैकी २६. जे करतात त्यांचा वेळ मोजला, तर बाईचे २९९ मिनिटे, पुरुषाचे ९७. पाच तासांची ही पाळी आहे. तिला भोंगा नाही, हजेरीपुस्तक नाही आणि साप्ताहिक सुट्टीही नाही. आणि तिचे काम रविवारी कमी होत नाही, वाढते. सगळे घरी असतात ना!

आता घराच्या उंबऱ्याबाहेर येऊ. सुमारे बारा वर्षांपूर्वी घरकामगार बायकांची एक बैठक मी घेतली होती. भांडी, धुणे, केरफरशी, स्वयंपाक करणाऱ्या चाळीस-पंचेचाळीस जणी जमल्या होत्या. पहिली मागणी कोणती ठेवायची, असे मी विचारले. पगारवाढ म्हणतील, असे धरून मी कागदावर तसे लिहूनही ठेवले होते. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ, आधी महिन्याचे चार रविवार लिहा." मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "रविवारी त्यांच्याकडे पाहुणे असतात. आमच्या घरी आमचीच पोरं पाहुण्यासारखी वाट बघत बसतात." मग त्यांनीच मला उलट विचारले, "तुमच्याकडं रविवारी भांडी कोण घासतं?" मी म्हटले, "घरचीच, आमची मंडळी." "मग त्यांनापण आमच्या युनियनमध्ये घ्या की!" सगळ्याजणी हसल्या. मीही हसलो. पण परत येताना बसमध्ये मला हसू येत नव्हते.

या बायकांसाठी काही झाले नाही असे नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी झाली, काही मदतीही मिळाल्या. पण मालकाच्या दारात जाऊन "उद्या माझी हक्काची सुट्टी आहे" असे म्हणण्याचे बळ त्यातून आले नाही. कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याचा विसावा देण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९२३ साली मान्य केला. घरकामगारांना सलग चोवीस तासांचा साप्ताहिक विसावा द्यावा, असा करार आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेत २०११ साली झाला. तो भारताने अजून स्वीकारलेला नाही. कारखान्याचे फाटक आणि घराचे दार यांत एवढे अंतर आहे.

विषमता म्हटली की आपण पैसा मोजतो. कोणाकडे किती बंगले, किती मोटारी, हे मोजतो. ते मोजायला हवेच. पण मला वाटते, वेळही मोजून पाहावा. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना महिन्यातून दोन शनिवार मिळाले. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आला. कोणाच्या सुट्टीचा मी हेवा करीत नाही. ती त्यांना लाभो. पण त्याच गावात, त्याच रस्त्यावर पाहा. कोणाला दोन दिवस, कोणाला एक, आणि कोणाला एकही नाही. १९४८ सालच्या मुंबई दुकाने कायद्याप्रमाणे दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावेच लागे. २०१७ सालच्या नव्या कायद्याने दुकान ३६५ दिवस उघडे ठेवायला मोकळीक दिली. नोकराला पाळीने सुट्टी मिळावी असे त्यात आहे, पण लहान दुकानांतल्या नोकरांना त्या कायद्याचे छत्र पुरे लाभले नाही. आपली रविवारची खरेदी सुखाची झाली. ज्याने गल्ल्यामागे उभे राहून ती सुखाची केली, त्याचा वार कोणता, हे आपण विचारीत नाही.

यात आम्ही संघटनावालेही निर्दोष नाही. एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात गुरुवारी कायम कामगारांना सुट्टी असे, आणि यंत्रांची सफाई व दुरुस्ती त्याच दिवशी कंत्राटी मुलांकडून करून घेत. आमची सुट्टी म्हणजे त्यांचा कामाचा दिवस. असल्याच एका गुरुवारी प्रेसवर एका मुलाची तीन बोटे गेली. त्याच प्रेसवर इतर दिवशी काम करणाऱ्या कायम कामगाराकडे राज्य विमा योजनेचे कार्ड होते. त्याला इजा झाली असती तर औषधपाणी मिळाले असते, आणि तो बरा होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के रक्कम घरी गेली असती. या मुलाचे नाव कंत्राटदाराने कुठे नोंदवलेलेच नव्हते. यंत्र तेच, बोटे माणसाचीच, फरक फक्त नोंदवहीचा. त्याला पुढे भरपाई मिळाली, पण ती मिळायला चार वर्षे लागली. आणि त्याच वर्षी आम्ही कायम कामगारांच्या पगारवाढीचा करार करून पेढे वाटले होते. त्या करारात कंत्राटी मुलांविषयी एक ओळ नव्हती. सही माझीही होती.

लोखंड्यांनी १८८४ साली मागितले होते, की इजा झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार द्या. ते मिळाले. पण ते ज्याला मिळाले, तो दार लावून आत बसला. हे आपल्या इतिहासातले मोठे दुःख आहे, आणि त्या दाराला मीही कडी घातली आहे.

आता कल्याणाविषयी दोन शब्द. शिकलेल्या माणसांकडून मी नेहमी ऐकतो, की या योजनांनी लोक ऐतखाऊ होतात. मी त्यांना नम्रपणे विचारतो, भविष्यनिर्वाह निधी कोणाचा? तो कामगाराच्या पगारातून कापलेला. विमा कोणाचा? त्यात त्याचाही वाटा असतो आणि मालकाचाही, तोही त्याच्या कामातून निघालेला. आजच्या श्रमाचे उद्या मिळणारे मोल, ते कल्याण. जत्रेत भिकाऱ्याला टाकलेला पैसा हे कल्याण नव्हे. ऐतखाऊ कोण, हे ठरवायचे असेल तर दुसऱ्याच्या रविवारावर आपला रविवार कोण साजरा करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या संविधानाचे ४३ वे कलम मी वाचनालयात प्रथम वाचले, तेव्हा दोनदा वाचले. कामगारांना निर्वाहापुरते वेतन मिळावे, हे त्यात आहेच. पण त्यांना फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळाव्यात, हेही राज्याने पाहावे, असे तिथे म्हटले आहे. फुरसत! संविधान लिहिणाऱ्यांनी कष्टकऱ्याच्या फुरसतीचा विचार केला होता. त्यांतले डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. या व्याख्यानमालेला येणे हीही फुरसतच आहे. इथे आज किती घरकामगार आहेत, किती वॉचमन आहेत, किती दुकानातली मुले आहेत, ते आपण आजूबाजूला पाहावे.

शेवटी माझ्या मुलाविषयी सांगतो. तो आता मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवतो. कारखान्यात कंत्राटी होता, २०२० च्या टाळेबंदीत ते काम गेले. त्याचा मालक कोण, असे विचारले तर तो खिशातला मोबाइल दाखवतो. त्याला सुट्टी घ्यायला कोणी बंदी केलेली नाही. पण जास्तीची कमाई होते ती शनिवारी आणि रविवारी, कारण त्या दिवशी आपण सारे घरी असतो आणि आपल्याला बाहेरचे खावेसे वाटते. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. रविवारी ती खिडकीत बसते. तो मध्येच दहा मिनिटे घरी येतो, हेल्मेट न काढता तिला उचलतो, आणि मोबाइल वाजला की जातो. माझ्या वडिलांना गिरणीने रविवार दिला होता. मी तो सभांत घालवला. आणि माझ्या मुलाच्या हातून तो पुन्हा निसटला आहे. तीन पिढ्यांत आम्ही फिरून १८९० च्या आधी येऊन पोहोचलो की काय, असे कधीकधी मला रात्री वाटते.

पण निराश होऊन मी आपला निरोप घेणार नाही, कारण मार्ग आहे आणि तो महाराष्ट्रानेच दाखवला आहे. बाजारातल्या हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याला कोण रजा देणार, कोण निधी देणार? अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी झगडा केला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची आणि व्यापाऱ्याचीही मंडळाकडे नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर काही टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी, सुट्टीचा पगार. मालक एक नसला तरी हक्क एक असू शकतो, हे या कायद्याने दाखवून दिले. त्यातही दोष शिरले आहेत, ते मला ठाऊक आहेत. पण तत्त्व खरे आहे. जेवण पोहोचवणाऱ्या मुलांसाठी राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली कायदे केले, त्यांत व्यवहारावर शुल्क घेऊन कल्याणनिधी उभारण्याची तीच वाट आहे. केंद्राच्या नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यांतही अशा कामगारांचे नाव आले आहे. नाव आले म्हणजे हक्क आला असे नव्हे. लोखंड्यांना रविवार मिळवायला निवेदनापासून सहा वर्षे लागली. आपण तेवढा धीर धरू, पण तेवढा नेटही धरू.

सरकार करील ते करील. आपण उद्यापासून काय करायचे, ते दोन गोष्टींत सांगतो. एक, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना महिन्याच्या चार सुट्ट्या, पगार न कापता, त्यांनी मागण्यापूर्वी द्या. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. दोन, आठवड्याची एक वेळ घरातल्या बाईला पूर्ण मोकळी द्या. माझ्या घरी काही वर्षांपासून रविवारी रात्रीचा स्वयंपाक मी करतो. पहिल्या रविवारी खिचडी खाली लागली, दुसऱ्या रविवारी मीठ विसरले. आता शेजारी वास घेऊन विचारीत नाहीत, एवढी प्रगती आहे. आणि त्या वेळेत पत्नी दळण निवडीत नाही. ती खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचते. माझ्या आईला हे मी देऊ शकलो नाही.

पत्नीला आता कोणता वार आवडतो, हे मी अजून विचारलेले नाही. विचारण्याइतके काम माझ्या हातून झालेले नाही. मुलाच्या घरातली ती लहान मुलगी तीनचार वर्षांत शाळेत तोच निबंध लिहील. त्यात तिच्या बापाचा रविवार कसा लिहिला जाईल, ते तुमच्या आमच्या हातात आहे.

आज आपल्या सुट्टीतला तासभर आपण मला दिलात. ज्यांच्यामुळे तो तास आपल्याला मोकळा मिळाला, त्यांची आठवण ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.